रेकॉर्ड काय सांगते आणि आपण काय सांगतो



डॉक्टरला व्याख्यानाला बोलावलं की विषय बहुधा मधुमेह नाहीतर सांधेदुखी असतो. यंदा कार्यवाहांनी विचारलं, "डॉक्टर, जुन्या रेकॉर्डींवर बोलाल का?" मी लगेच हो म्हटलं. गाण्याची आवड हे एक कारण. दुसरं कारण असं, की याच व्यासपीठावरून सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी एक चुकीचं विधान केलं होतं. ते आपल्या पुस्तिकेत छापलं गेलं आणि नंतर इतरांनी त्याचा आधारही घेतला. ती दुरुस्ती माझ्याच तोंडून व्हावी अशी इच्छा आहे. पण ती कशी करावी लागली हे कळायला आधी संग्राहक मंडळी कशावरून भांडतात ते सांगायला हवं.

आमचं घर मूळचं सांगलीकडचं, जैन. आजोबा नोकरीसाठी बडोद्यात आले आणि इथलेच झाले. घरात गाणं होतं ते भजनापुरतं आणि रेडिओपुरतं. दवाखाना सुरू केल्यावर काही वर्षांनी एका रुग्णाने वाडा सोडताना माळ्यावरचा चावीचा ग्रामोफोन आणि चाळीसेक तबकड्या रिक्षात घालून माझ्याकडे पोचवल्या. "पस्तीवाला घेत नाही, तुम्ही ठेवा," असं म्हणाले. तिथून मला हे वेड लागलं. वेडाबरोबर वेडे मित्रही मिळाले, पुण्याचे, मुंबईचे, अहमदाबादचे. मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था सुरू झाली. सुरेश चांदवणकर यांनी तिचं काम आणि 'द रेकॉर्ड न्यूज' हे तिचं नियतकालिक वर्षानुवर्षं निष्ठेनं चालवलं. ते अंक वाचताना लक्षात आलं, की मी ज्याला छंद समजत होतो त्याची एक शिस्त असते.

ही मंडळी एरवी अत्यंत मृदू. पण तबकडी कोणाची, कोणत्या वर्षाची, कोणत्या गावची, असा प्रश्न निघाला की चहा गार होतो. बाहेरच्याला वाटतं, एवढ्याशा गोष्टीवरून काय हे! मलाही वाटायचं. आता वाटत नाही.

पहिला वाद सगळ्यांना ठाऊक असलेला: भारतातली पहिली रेकॉर्ड कोणाची? शंभरातले नव्वद जण म्हणतील, गौहर जानची. कलकत्त्यात फ्रेड गायसबर्गने तिचं ध्वनिमुद्रण केलं ते ११ नोव्हेंबर १९०२ रोजी. गाणं संपताना ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत हानोव्हरला, आणि तिथल्या कामगारांना गाणारं कोण हे कळावं म्हणून ही घोषणा, असं सांगतात. गोष्ट इतकी देखणी आहे की ती पहिली असावी असं वाटतंच. पण गायसबर्गने त्याच मुक्कामात तीन दिवस आधी, ८ नोव्हेंबरला, कलकत्त्याच्या रंगभूमीवरच्या शशिमुखी आणि फणिबाला या दोन मुलींची गाणी मुद्रित केली होती. आणि त्याही आधी, १८९९ मध्ये, लंडनमध्ये काही भारतीयांचे आवाज तबकडीवर उतरले होते. मायकेल किनिअर या ऑस्ट्रेलियन संशोधकाने ग्रामोफोन कंपनीच्या सुरुवातीच्या भारतीय मुद्रणांची यादी क्रमांकवार लावून १९९४ साली पुस्तकरूपानं प्रसिद्ध केली. तेव्हापासून या वादात ठामपणे बोलणाऱ्यांना आधी यादी उघडावी लागते.

मग गौहर जान पहिली नव्हे का? माझ्या घरच्या संस्कारातलं एक सूत्र इथे उपयोगी पडतं. आमच्या अनेकांतवादात 'स्यात्' हा शब्द आहे. लोक त्याचा अर्थ 'कदाचित' असा करतात आणि समजतात, जैनांचं म्हणणं काय, तर सगळ्यांचंच थोडंथोडं बरोबर. तसं नाही. 'स्यात्' म्हणजे 'एका अपेक्षेने', अमुक एका बाजूने पाहिलं असता. कुठली बाजू ते सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. भारतीय आवाजाची पहिली तबकडी म्हणाल तर लंडनची. भारतभूमीवरचं गायसबर्गचं पहिलं मुद्रण म्हणाल तर ८ नोव्हेंबरचं. त्या दौऱ्यातली पहिली नामांकित गायिका म्हणाल तर गौहर जान. तिन्ही वाक्यं खरी आहेत, पण 'पहिली रेकॉर्ड गौहर जानची' हे मोकळं सोडलेलं वाक्य खरं नाही. हत्ती आणि आंधळ्यांच्या गोष्टीत प्रत्येकाने हत्तीचा एक अवयव खरोखर चाचपला होता. न चाचपता बोलणाऱ्याला त्या गोष्टीत जागा नाही.

दुसऱ्या वादाचं बीज आपल्या बडोद्यातच आहे. अब्दुल करीम खाँसाहेब एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बडोदे दरबारी आले आणि सरदार माने घराण्यातल्या ताराबाईंबरोबर त्यांनी बडोदं सोडलं, हे सर्वश्रुत आहे. त्यांची मुलं म्हणजे सुरेशबाबू माने, हिराबाई, कमलाबाई, सरस्वतीबाई राणे. हिराबाई आणि कमलाबाई 'बडोदेकर' नावाने गाजल्या. त्यामुळे आपल्याकडे पंगतीत हमखास कोणीतरी म्हणतं, "हिराबाई आपल्याच, इथे जन्मल्या." हिराबाईंचा जन्म १९०५ चा आणि मिरजेचा. माझं आजोळ मिरजेचं, त्यामुळे मला हे म्हणताना दोन्हीकडून मार पडतो! बडोदेकर हे नाव त्यांच्या घराचं बडोद्याशी असलेलं नातं सांगतं, जन्मगाव सांगत नाही. तबकडीवर छापलेलं आडनाव हा त्या नावाने रेकॉर्ड विकली गेली याचा पुरावा, जन्मनोंद नव्हे. आफताब-ए-मौसिकी फैयाझ खाँसाहेबांचंही तसंच. ते आपले दरबारगवई, ५ नोव्हेंबर १९५० रोजी इथेच वारले, हे पक्कं. पण जन्मवर्ष एका पुस्तकात १८८०-८१ च्या आसपास, तर दुसऱ्यात १८८६. ज्याने एकच पुस्तक वाचलं असतं तोच अशा वादात सर्वांत मोठ्याने बोलतो.

तिसरा वाद कानाचा. आपण सगळ्या जुन्या तबकड्यांना '७८' म्हणतो, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या. पण हा आकडा पक्का व्हायला बराच काळ लागला. सुरुवातीच्या मुद्रणांत यंत्र सत्तरीपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत कुठल्याही वेगाने फिरत असे. ७८ ची तबकडी ७३-७४ फेऱ्यांवर वाजवली तर स्वर जवळजवळ काळी दोनवरून पांढरी दोनवर येतो, आणि लयही तेवढीच मंदावते. उलट केलं तर स्वर चढतो, ताना जलद वाटतात, आवाज कोवळा लागतो. 'अमुक बुवांचा आवाज तरुणपणी किती उंच होता' असं आपण डोळे मिटून बोलतो, तेव्हा ते बुवांच्या गळ्याचं वर्णन असतं की आपल्या ग्रामोफोनच्या स्प्रिंगचं, हे आधी तपासावं लागतं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९०४-०५ च्या तबकड्या आणि १९३०च्या दशकातल्या ओडियनच्या तबकड्या शेजारी ठेवून आवाजात काय बदल झाला ते सांगणाऱ्याने आधी वेग कसा ठरवला ते सांगायला हवं.

आता माझी चूक.

दांडिया बाजारात एक तात्या राहत. माझे जुने रुग्ण, वय ऐंशीच्या पुढे, ताठ कण्याचे. त्यांच्याकडे खादीच्या फडक्यात गुंडाळलेली एक तबकडी होती. लेबल निम्मं खरवडलेलं. उरलेल्या भागात इंग्रजी अक्षरांत 'प्रोफेसर इनायत खान' एवढं वाचता येई. तबकडीवर सतार होती. तात्या सांगत, "हे आपले बडोद्याचे इनायत खाँ, मौलाबक्षांचे नातू. माझे वडील गायनशाळेत जात, तेव्हा त्यांना पाहिलेलं. वडिलांनीच ही आणली."

मौलाबक्षांनी १८८६ मध्ये महाराजांच्या आश्रयाने इथे गायनशाळा काढली. त्यांचे नातू इनायत खान १८८२ साली बडोद्यातच जन्मले, त्या शाळेत शिकले, तिथे त्यांनी शिकवलंही. १३ सप्टेंबर १९१० रोजी ते भारत सोडून गेले आणि पुढे पाश्चात्त्य देशांत सूफी गुरू म्हणून प्रसिद्ध झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांसाठी गुप्तकामगिरी करताना बलिदान दिलेली नूर इनायत खान ही त्यांची कन्या. असा माणूस आपल्या गल्लीतल्या फडक्यात सापडला म्हटल्यावर मला काय आनंद झाला असेल! मी इथे उभा राहून ती रेकॉर्ड वाजवली आणि सांगितलं, बडोद्याच्या इनायत खाँसाहेबांच्या सतारीचं हे दुर्मिळ मुद्रण. टाळ्या पडल्या. तात्या पहिल्या रांगेत होते. त्यांनी डोळे पुसले.

पुस्तिका छापून आल्यावर पुण्याच्या एका संग्राहक मित्राचं पत्र आलं. गोड भाषेत त्यांनी तीन गोष्टी विचारल्या होत्या. एक, तबकडीच्या आतल्या गुळगुळीत पट्टीत, लेबलच्या कडेला, कोरलेला क्रमांक कोणता? दोन, त्या क्रमांकापुढे बारीक त्रिकोण आहे का? तीन, लेबलचा स्वच्छ फोटो पाठवाल का? मी भिंग घेतलं. क्रमांक होता. त्रिकोणही होता.

हा त्रिकोण काय ते सांगतो. आधीच्या काळात गवई कर्ण्यात तोंड घालून गात आणि हवेच्या धक्क्यानेच सुई मेणावर रेघ ओढत असे. मायक्रोफोन लावून विजेच्या साहाय्याने मुद्रण करण्याची पद्धत मोठ्या कंपन्यांनी १९२५ पासून सुरू केली. ग्रामोफोन कंपनी त्या नव्या पद्धतीच्या मुद्रणावर क्रमांकापाठी त्रिकोण कोरू लागली. लेबल फाटतं, चिकटवताना चुकतं, दुकानदार त्यावर शिक्का मारतो. कोरलेली खूण मात्र मुद्रणाच्या साच्यातून येते. म्हणजे तात्यांची तबकडी १९२५ च्या आधीची असणं शक्य नव्हतं. आपले इनायत खान परदेशातून भारतात परतले १९२६ च्या उत्तरार्धात आणि ५ फेब्रुवारी १९२७ रोजी दिल्लीत वारले. शिवाय त्यांची जी मुद्रणं प्रसिद्ध आहेत ती परदेशी जाण्याआधीची, १९०९ ची, कलकत्त्यातली, आणि त्यांत ते गात आहेत.

मग सतार कोणाची? त्या काळी दुसरे इनायत खान होते. इमदाद खाँसाहेबांचे चिरंजीव, पूर्व बंगालातल्या गौरीपूर संस्थानचे आश्रित, विलायत खाँसाहेबांचे वडील. ते १९३८ मध्ये वारले. मित्राकडे अखंड लेबलची एक प्रत होती. तिच्यावरचा कोरीव क्रमांक आणि तात्यांच्या तबकडीवरचा क्रमांक अंकाअंकाने एकच निघाला. विषय संपला.

विषय संपला, पण माझा नव्हे. मी ते पत्र टेबलाच्या खणात ठेवलं आणि दोन वर्षं उत्तर दिलं नाही. स्वतःला सांगत राहिलो, की तात्यांचं वय झालंय, त्यांना दुखवून काय मिळणार? खरं सांगायचं तर दुखत होतं ते माझंच. व्यासपीठावरून पडलेल्या टाळ्या परत करणं फी परत करण्याहून जड जातं.

शेवटी तात्यांकडे गेलो. भिंग, पत्र, सगळं घेऊन गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डॉक्टर, म्हणजे माझे वडील खोटं बोलले का?"

श्रोतेहो, या वादांमध्ये खरोखर काय पणाला लागलेलं असतं ते मला त्या क्षणी कळलं. आपण क्रमांक तपासतो, आणि समोरच्याला वाटतं आपण त्याचा बाप तपासतोय.

माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते माझ्या धंद्यातून आलेलं होतं. आम्हा होमिओपॅथांनी पुराव्यावर बोलावं याचं समोर बसलेल्या ॲलोपॅथ मित्रांना हसू येतंय, ते मला दिसतंय. खुशाल हसा! पण हानेमानच्या 'ऑर्गेनन'मधली एक शिकवण कोणालाही लागू पडावी. ८४व्या परिच्छेदात तो सांगतो, रुग्ण आणि त्याच्याजवळची माणसं जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. पुढच्या परिच्छेदात म्हणतो, प्रत्येक नवी गोष्ट नव्या ओळीवर लिहा, म्हणजे नंतर तिच्यात भर घालता येते. चाळीस वर्षं मी तसे केसपेपर लिहितोय. रुग्ण म्हणतो, "पोटात आग पडते." मी 'पोटात आग पडते' असंच लिहितो, 'ॲसिडिटी' लिहीत नाही. ते माझं अनुमान, ते खाली, वेगळ्या ओळीवर. अनुमान चुकलं तर त्याच्यावर काट मारता येते, रुग्णाच्या शब्दांवर काट मारायचा अधिकार मला नाही.

मी तात्यांना म्हणालो, "तात्या, तुमच्या वडिलांनी दोन गोष्टी सांगितल्या. शाळकरी वयात गायनशाळेत इनायत खाँसाहेबांना पाहिलं, ही एक. ती त्यांची स्वतःची आठवण, आणि ती खोडणारं माझ्याकडे काही नाही. पुढे दुकानात तेच नाव दिसलं, म्हणून मोठ्या मायेनं रेकॉर्ड घेतली, ही दुसरी. नाव एक, माणसं दोन. ते खोटं बोलले नाहीत, ओळखण्यात चुकले. आणि मी त्यांच्याहून जास्त चुकलो, कारण माझ्याकडे भिंग होतं."

तात्या बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "लावा पाहू." आम्ही ती सतार पुन्हा ऐकली. तीन-साडेतीन मिनिटांची ती. संपल्यावर म्हणाले, "वाजवलंय मात्र सुरेख." मग कागद मागितला आणि थरथरत्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या: तबकडी वडिलांनी विकत घेतली, अमुक पेठेतून, वडील म्हणत की वादक बडोद्याचे. त्याखाली मला लिहायला लावलं: डॉक्टरांच्या मते वादक गौरीपूरचे इनायत खान, कारण क्रमांक आणि त्रिकोण. तो कागद त्यांनी स्वतः पाकिटात सरकवला. पुढच्याच वर्षी ते गेले. तबकडी आज माझ्याकडे आहे, कागदासकट.

या गोष्टीला एक पुरवणी आहे. आपल्या खऱ्या इनायत खाँसाहेबांची १९०९ ची एकतीस गाणी १९९४ मध्ये कलकत्त्याच्या ग्रामोफोन कंपनीने दोन सीडींवर पुन्हा काढली होती. म्हणजे मी इथे चुकीची सतार वाजवत होतो, तेव्हा बडोद्याच्या त्या गवयाचा स्वतःचा आवाज बाजारात येऊन बरीच वर्षं झाली होती. चुकीच्या खजिन्याला कवटाळून बसलो, म्हणून मी खऱ्याचा शोधच घेतला नव्हता. चूक कबूल केल्यावर तात्या आणि मी दोघांनी मिळून तो आवाज पहिल्यांदा ऐकला. तात्या म्हणाले, "वडिलांनी ऐकला तो हा." यावर मी काही बोललो नाही. हे वाक्य त्यांचं होतं, त्यांच्या ओळीवरचं.

संग्राहकांच्या भांडणांकडे मी आता निराळ्या नजरेनं पाहतो. त्यांत अहंकार असतो, मत्सर असतो, 'माझ्याकडे आहे, तुझ्याकडे नाही' हा बालिशपणाही असतो. पुरावा हातात आहे म्हणून वृद्ध माणसाला चारचौघांत खोटं पाडणारे लोक मी पाहिलेत, आणि समोर त्रिकोण दिसत असताना 'आमच्या घराण्याची आठवण' म्हणून टेबलावर मूठ आपटणारेही पाहिलेत. दोघंही एकच चूक करतात. ऐकलेलं आणि ठरवलेलं एकाच ओळीवर लिहितात.

१९१६ साली भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली ती याच बडोद्यात, सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने. उस्तादांकडून चिजा मिळवायच्या, पाठभेद शेजारी मांडायचे, मग मत बनवायचं, ही त्यांची रीत होती. आपण त्या गावचे आहोत. आपल्याला ही शिस्त परकी नाही.

म्हणून जुन्या मराठी घरांना माझी हात जोडून विनंती. दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावर तबकड्या सापडल्या, तर फोडू नका आणि लगेच कोणाला देऊही नका. कागदी पाकीट फाटकं असलं तरी टाकू नका, दुकानाचा शिक्का त्यावरच असतो. लेबल ओल्या फडक्याने पुसू नका. घरातलं वडीलधारं माणूस हयात आहे तोवर विचारा, ही कोणी आणली, केव्हा, का. ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत एका कागदावर लिहा, तारीख घाला, पाकिटात ठेवा. तुम्हाला स्वतःला जे वाटतं ते खाली, वेगळ्या ओळीवर लिहा, आणि त्याखाली थोडी जागा कोरी सोडा. तुमच्यानंतर येणाऱ्या कोणाला तरी तिथे काही लिहायचं असेल.

आता दुरुस्ती. संपादकांना विनंती, की ती यंदाच्या पुस्तिकेत जशीच्या तशी छापावी. माझ्या मागच्या व्याख्यानात ज्या सतारीच्या तबकडीचा उल्लेख आहे, तिचे वादक बडोद्याचे, मौलाबक्षांचे नातू इनायत खान नसून इमदाद खान यांचे पुत्र, गौरीपूरचे इनायत खान आहेत. आधार, कोरीव क्रमांक, त्रिकोण आणि दुसऱ्या प्रतीचं अखंड लेबल. चूक माझी. तबकडी जतन करणाऱ्या घराची नव्हे.

चहा झाला की ज्यांना ऐकायचंय त्यांनी थांबावं, दोन्ही इनायत खान मी सोबत आणले आहेत.